बेटसनचा ससा कुणाच्या हातात

कुत्री माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढेपुढे कुणालाही, अगदी मलासुद्धा, त्याची शंका येऊ लागली होती.

वर डोंगरावरच्या गार्न-वेन शेतावर मॉरिसच्या गोठ्यात नऊ पिल्लं झाली तेव्हा मी तीनदा सायकल रेटत वर गेलो आणि तिसऱ्या खेपेला हिला उचललं. आई ग्रेहाउंड, बाप मेंढरं राखणारा. पायातला वेग आईचा, डोक्यातली समज बापाची. असल्या मिश्र कुत्र्यांना आम्ही लर्चर म्हणतो, आणि रात्री दिव्यावर ससे धरायला त्यांच्या तोडीचं कुत्रं नाही. रंग ओल्या राखेसारखा, छातीवर बोटभर पांढरं. नाव ठेवलं बेटसन. माझी बायको टेगवेन म्हणाली, माझ्या आत्याचं नाव कुत्रीला ठेवलंस. मी म्हटलं, तुझी आत्याही अशीच बारीक होती आणि कुणाचं ऐकायची नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, पण नाव टिकलं.

मी कौन्सिलच्या रस्त्यांवर कामाला होतो. चर साफ करायचे, कडेची झुडपं छाटायची, हिवाळ्यात चढावर खडी टाकायची. मूलबाळ नाही. आनंद म्हणाल तर दोनच. एक रविवारचा. आमच्या वेल्समधल्या चॅपेलांत जुन्या वळणाचे काही उपदेशक तेव्हा अजून शिल्लक होते. साधं बोलायला सुरुवात करायचे, शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग कुठेतरी एखाद्या वाक्याला सूर चिकटायचा, पुढच्या वाक्यात तो वर सरकायचा, आणि बघता बघता उपदेशाचं गाणं व्हायचं. त्याला आम्ही हुईल म्हणतो. वारा शिडात शिरल्यावर होडीचं जे होतं, ते माणसाच्या आवाजाचं होतं. त्यासाठी मी पावसात बारा मैल चालत गेलेलो आहे, आणि दर वेळी डोळे पुसत परत आलेलो आहे. त्याची मला कधी लाज वाटली नाही.

दुसरा आनंद ही कुत्री.

तिला मी घाईने काही शिकवलं नाही. पाचव्या महिन्यात सशाच्या कातड्यात गुंडाळलेला चेंडू, तोही घरातल्या अरुंद बोळात टाकायचा, म्हणजे उचलल्यावर माझ्याकडे येण्याशिवाय तिला दुसरी वाटच नाही. मग परसात. मग कुरणात. दोरीला धरून मॉरिसच्या मेंढरांमधून रोज फिरवली, मान वळवणं सोडून देईपर्यंत. कारण मेंढराच्या मागे लागलेलं कुत्रं शेतकरी गोळी घालून मारतो, आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. नवव्या महिन्यापर्यंत ती अशी तयार झाली, की मी शीळही घालत नसे. नुसतं पाहिलं की यायची.

इद्वाल आला तो त्याच शरद ऋतूत.

इद्वाल म्हणजे टेगवेनचा थोरला भाऊ. एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत होता आणि त्या एकतीस वर्षांची धूळ छातीत घेऊन वर आला. लग्न केलं नव्हतं. त्याच्या घरापर्यंतचा चढ चढवेना, तेव्हा टेगवेनने मला विचारलं, आणि ती वाक्य पुरं करायच्या आत मी हो म्हटलं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. इद्वाल मला आवडायचा. सगळ्यांनाच आवडायचा. चॅपेलमध्ये त्याचा वरच्या पट्टीचा आवाज असा होता, की तो सुरू झाला की बाकीचे पुरुष आपोआप हळू गायचे. आता दोन ओळींना त्याला तीनदा थांबावं लागायचं, म्हणून तो गात नसे. पुस्तक उघडं धरून ओठ हलवायचा.

घरात त्याला काही करता येत नव्हतं, आणि तेच त्याला खायचं. टेगवेनच्या हातातून बटाट्याचं भांडं ओढून घ्यायचा आणि चार बटाटे सोलून दम खात बसायचा. एका संध्याकाळी मी दिव्याची बॅटरी भरत होतो. मोटारीचा पुढचा दिवा काढून त्याला मूठ बसवली होती आणि वायरीने मोटारसायकलच्या बॅटरीला जोडला होता. सगळे तेच वापरायचे. त्याने विचारलं, हे वजन खांद्यावर घेऊन कुत्री कशी सांभाळणार? मी म्हटलं, एकट्याने जमतं, पण दोघांनी चांगलं जमतं. तू घराजवळच्या, मॉरिसच्या खालच्या कुरणाच्या फाटकाशी उभा राहा, बॅटरी भिंतीवर ठेव, दिवा धर. मी कुत्रीला घेऊन कुंपणाच्या कडेने पुढे जाईन.

त्याचा चेहरा बघायला हवा होता. त्या वेळी मला फार बरं वाटलं.

पहिली रात्र अजून आठवते. चंद्र नाही, वारा तोंडावर, बारीक भुरभुर. अशाच रात्री ससे बिळापासून लांब चरतात आणि त्यांना पावलं ऐकू येत नाहीत. इद्वालने झोत कुरणावरून सावकाश फिरवला. खाली दोन लाल ठिणग्या दिसल्या आणि झोत थांबला. दिवा हलता कामा नये, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं, पण खाणीतल्या माणसाला दिवा कसा धरायचा ते काय सांगायचं. ससा अंग चोरून बसला. मी बेटसनच्या गळ्यातली दोरी सोडली. ती आवाज न करता झोताच्या कडेने गेली. ससा उठला, वळला, ती वळली, तो परत वळला, आणि कुंपणाच्या चार हात अलीकडे तिने त्याला उचललं. पहिल्याच रात्री, पहिलाच ससा, तोही जिवंत, मऊ तोंडाने धरलेला. जखमी न करता आणणं हीच खरी परीक्षा. मी गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही हात पुढे केले.

ती माझ्या कोपराला घासून पुढे गेली.

झोताच्या रेषेतून सरळ फाटकाकडे. तिथे इद्वालने दिवा खाली टेकवलेला मला दिसला. मागून त्याचा आवाज आला, हळू, दम लागलेला. “ये गं बाई, ये. आणलास? शहाणी गं माझी.”

मी उठून गुडघे झटकले. फाटकाशी गेलो तर त्याच्या हातात ससा, आणि बेटसन त्याच्या बुटांवर हनुवटी ठेवून बसलेली. तो हसत होता, लहान पोरासारखा. मी म्हटलं, “छान.”

मनाशी म्हटलं, पहिलीच वेळ आहे. चुकली असेल.

दुसऱ्या रात्री दोन ससे, दोन्ही त्याच्याकडे. आठवड्याने तीन. कोवळ्या कुत्रीला एका रात्रीत तीनच्या वर पळवायचं नसतं, नाहीतर तिचं मन उडतं. पण मला वाटायचं, अजून एकदा सोडावी, या वेळी थांबेल. ती थांबायची नाही. माझ्या हाताच्या अंतरावरून, तोंडात माझा ससा घेऊन, माझ्याकडे न बघता जायची. आणि तिकडे दिवा खाली जायचा. मी मनात म्हणायचो, हाताला दोन मिनिटं दिवा पेलवत नाही आणि ससे घेतोय.

माणूस एकदा मोजायला लागला की थांबत नाही. मी शेपटी मोजायला लागलो. सकाळी मी खाली आलो की तीन वेळा हलायची. इद्वाल खोकत खोकत जिन्यावर दिसला की हलायची ती थांबायचीच नाही. वाडगं मी भरायचो, आणि ती खाऊन त्याच्या खुर्चीखाली जायची. टेगवेन पावाचा कडेचा तुकडा, जो वीस वर्षं मला मिळायचा, तो आता भावाला द्यायची, कारण त्याला तो चहात बुडवून बरा जायचा. वीस वर्षांत मी त्या तुकड्याचा कधी विचार केला नव्हता. आता तो माझ्या घशात अडकायचा, न खाताच.

मॉरिस एकदा फाटकाशी भेटला. त्याच्याच कुरणातले ससे आम्ही कमी करत होतो, कारण ते मेंढरांचं गवत खाऊन टाकायचे. तो माझ्याशी बोलला, पण बघत होता कुत्रीकडे. म्हणाला, “इद्वालची कुत्री झकास निघाली रे.”

“माझी आहे,” मी म्हटलं.

“असं होय,” तो म्हणाला, आणि त्याच्या मिशीखाली मला जे दिसलं ते हसू होतं की नाही, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

एक गोष्ट सांगायला जड जाते, पण सांगतो. मला संशय यायला लागला की तो तिला काहीतरी चारतो. चीजचा तुकडा, मटणाची चरबी, काहीतरी लपवून. एका दुपारी तो वर झोपला होता आणि टेगवेन चॅपेलच्या बायकांबरोबर खिडक्या पुसायला गेली होती. मी त्याच्या कोटाचे खिसे तपासले. उजव्यात पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी, उपदेश चालू असताना चोखतात त्या. डाव्यात रुमाल. रुमालावर काळे डाग होते, कोळशाच्या बारीक भुकटीसारखे. तो रुमाल होता तसा घडी घालून मी आत ठेवला. माणसाने तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. मी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी पेपरमिंटची एक पुडी स्वतःच्या खिशात ठेवली. बेटसनने माझा खिसा हुंगला, दोनदा शिंकली आणि निघून गेली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे पाहुणे उपदेशक आले. वय सत्तरीच्या पुढे, अंगात काही नाही, पण हुईल अशी की तिच्यासाठी तीन खोऱ्यांतले लोक गोळा व्हायचे. बाकावर जागा नव्हती. मी, टेगवेन, इद्वाल, नेहमीसारखे एका ओळीत. म्हातारबाबांनी वाळवंटातल्या पाण्याविषयी बोलायला सुरुवात केली, अगदी साधं, विहिरीवर बोलतो तसं. मग सूर लागला. मला ती जागा माहीत असते. पाठीच्या कण्यात एक थंड बोट वर सरकतं आणि माणूस स्वतःला सोडून देतो. मी वाट बघत बसलो. सूर वर गेला, आणखी वर गेला, मागच्या बाकावरच्या बायका हुंदके देऊ लागल्या, पुढच्या वडीलमंडळींपैकी कुणीतरी “आमेन” म्हणालं.

मला काही झालं नाही.

मी त्या वेळी हिशेब करत होतो की या आठवड्यात किती ससे त्याच्या हातात गेले आणि किती माझ्या. सात आणि शून्य. शेजारी इद्वालच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो पुसतही नव्हता. मला वाटलं, हेसुद्धा यालाच. आयुष्यभर ज्याच्यासाठी मी पायपीट केली, तेही उठून याच्या शेजारी जाऊन बसलं.

घरी येता येता मी मनाशी एक ठरवलं. ही उजेडाकडे जाते, माणसाकडे नाही. बोळात शिकवलं ते माझ्याकडे यायला, पण अंधारात शिकवताना दिवा मी दुसऱ्याच्या हातात दिला, इथेच चुकलं. आता दिवा माझ्या हातात घ्यायचा. आणि तेव्हा इद्वाल तिथे नको.

मंगळवारी हवा नेमकी हवी तशी. संध्याकाळपासून ढग, वारा पश्चिमेचा. इद्वालने कोट खुंटीवरून काढून ठेवला होता. मी खिडकीशी जाऊन बाहेर पाहिल्यासारखं केलं आणि म्हटलं, “आज नको. नऊनंतर चंद्र येईल. उगाच कुत्रीचे पाय दमवायचे.”

त्याने एकदा खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, “बरं. तू म्हणशील तसं.” आणि कोट परत खुंटीला लावला.

साडेनऊला दोघं झोपायला गेले. दहाला मी बेटसनला घेऊन मागच्या दाराने बाहेर पडलो. बॅटरी खांद्यावर, दिवा उजव्या हातात, दोरी डाव्यात. रस्त्यात तिने तीनदा मागे वळून घराकडे बघितलं. मी दोरी ओढली.

मॉरिसच्या वरच्या कुरणात पोचलो तेव्हा वारा असा होता, की स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. त्याहून चांगली रात्र महिन्याभरात मिळाली नव्हती. झोत फिरवला, तिसऱ्याच फेरीला ससा. मोठा, कुंपणापासून लांब, आंधळा झाल्यासारखा बसलेला. मी दोरी सोडली. तिने जे केलं ते बघून दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी देवाचे आभार मानले असते. ससा चार वेळा वळला आणि चारही वेळा ती आतून वळली, आणि शेवटी जमिनीवरून फूल उचलावं तसा त्याला उचलला.

आता ती परत येणार होती, माझ्याकडे. इथे दुसरं कुणी नव्हतंच. मला ते पाहायचं होतं. तिचं एकेक पाऊल मला पाहायचं होतं. मी दिवा तिच्यावर पूर्ण धरला, तोंडावर, डोळ्यांवर.

वीस पावलांवर ती थांबली.

तोंडात ससा, डोळे हिरवे पेटलेले. तिने मान बाजूला वळवली. मी हाक मारली. तिने कान मागे पाडले. मी आणखी मोठ्याने हाक मारली, रस्त्यावर मजुरांना मारतो तशी. ती एक पाऊल बाजूला झाली, उजेडाच्या बाहेर. मी दिवा तिच्या मागे वळवला. ती आणखी बाजूला झाली. मी पुन्हा वळवला. असं चार-पाच वेळा झालं असेल. ती पळत नव्हती, फक्त माझ्या उजेडातून बाहेर पडत होती, आणि मी तिला बाहेर पडू देत नव्हतो. मग एकदा झोत वळवला तर तिथे नुसतं गवत होतं.

कुरण मी दोनदा पालथं घातलं. हाका मारून घसा बसला. खालच्या शेतात मॉरिसची मेंढरं होती. त्यांच्यात गडबड झाली असती तर सकाळी मला कुत्रीचं मढं घरी न्यावं लागलं असतं. कुंपणाला काटेरी तार होती, अंधारात भरधाव कुत्रं तिच्यावर आदळलं की छाती उघडी पडते, असं मी पाहिलेलं आहे. तारेवरून हात फिरवत फिरवत मी सगळी कड चाललो. बॅटरी उतरली, दिवा पिवळा झाला, मग लाल, मग नाही. मी प्रार्थनाही धड करू शकलो नाही. कुणाकडे काय मागायचं? ती सापडू दे, की ती माझी असू दे? त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की या दोन वेगळ्या प्रार्थना आहेत, आणि महिनाभर मी दुसरीच करत होतो.

दोन मैल उतरून घरी आलो तर स्वयंपाकघरात दिवा होता.

टेगवेन शाल गुंडाळून चुलीशी उभी, हाताची घडी. इद्वाल खुर्चीत, अंगावर कोट, खाली झोपायचे कपडे. त्याच्या पायांशी बेटसन, चिखलाने माखलेली, कुठेही ओरखडा नाही. आणि त्याच्या मांडीवर, टेगवेनच्या बशा पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला, कान मागे टाकून बसलेला जिवंत ससा.

टेगवेन म्हणाली, “दारावर पाय मारत होती. हा खाली आला दार उघडायला, जिना उतरून. खोकून खोकून निळा पडला होता.” एवढं सांगून ती वर निघून गेली. एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

इद्वाल सशाच्या पाठीवरून अंगठा फिरवत होता.

“एक दातसुद्धा लागलेला नाही,” तो म्हणाला. “दोन मैल आणलाय. काय शिकवलंयस रे तू हिला.”

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, “चंद्राचं मी खोटं बोललो.”

“माहितीये. चंद्राचं कॅलेंडर माझ्याच खोलीत आहे.”

“मग बोलला का नाहीस?”

“कुत्री तुझी आहे,” तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. मग त्याने सगळं कसं झालं ते विचारलं, आणि मी सांगितलं. ससा कसा वळला, तिने कसा उचलला, वीस पावलांवर कशी थांबली. तिथे त्याने मला थांबवलं.

“दिवा कुठे होता?”

“तिच्यावर.”

“म्हणजे? तोंडावर?”

“तोंडावरच. मला दिसायला नको?”

तो हसला नाही. म्हणाला, “अरे, पण तिला तू दिसलाच नाहीस. तिला फक्त दिवा दिसला.”

मग त्याने सांगितलं. ससा उचलला की तो दिवा खाली घ्यायचा, स्वतःच्या बुटांवर. तिला दिव्यामागचा माणूस दिसला पाहिजे; निदान बूट तरी. खाणीत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर दिवा मारायचा नाही, मान खाली घालायची, हे पोरगा पहिल्याच दिवशी शिकतो, नाहीतर थोबाडीत बसते. पहिल्या रात्री त्याने सवयीनेच दिवा खाली घेतला होता. मला ते दर रात्री दिसत होतं, आणि मी म्हणत होतो, याचा हात दमतो.

“हा तुझा,” म्हणून त्याने ससा फडक्यासकट माझ्याकडे दिला. मी तो बाहेर नेला आणि पटकन, त्रास न देता, काम संपवलं. परत आलो तेव्हा तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता. त्याला मी उचलूनच वर नेलं. वजन काहीच नव्हतं.

त्यानंतर दहा दिवस चांदणं होतं. मग पुन्हा काळोख आला, आणि मी त्याला म्हटलं, चल. तो म्हणाला, येतो, पण दिवा तू धर. मॉरिसने व्हॅन दिली होती. फाटकापासून चाळीस पावलांवर ती उभी केली, आणि इद्वाल आतच बसून राहिला. काच वर चढवली. मी म्हटलं, गुदमरशील. तो म्हणाला, थंडी लागते.

दोरी आणि दिवा दोन्ही माझ्याकडे. ससा दिसला. सोडली. धरला. आणि ती वळल्याबरोबर मी दिवा माझ्या बुटांवर टेकवला, आणि मला ती दिसेनाशी झाली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दिवा खाली घेतला की समोर नुसता काळोख, आणि ती येतेय की जातेय ते कळायला काही मार्ग नाही. आपण नुसतं उभं राहायचं. इद्वाल रोज हे करत होता.

गवतात सळसळ झाली. उजेडाच्या कडेला दोन राखाडी पाय आले, मग नाक, मग सबंध ती. तिने माझे बूट हुंगले, वर बघितलं आणि ससा माझ्या हातात दिला. गरम, धडधडणारा, ओला. मी म्हणायला तोंड उघडलं तर माझ्या तोंडून आलं तेच, त्याचंच. “शहाणी गं माझी.”

हेच मला दीड महिना हवं होतं. मिळालं. आणि मी इतका आनंदलो की बराच वेळ मला ऐकू आलं नाही, की मागे काहीतरी चाललंय. व्हॅनचं दार उघडलं होतं. इद्वाल पायरीवर वाकून खोकत होता, रुमाल तोंडाशी धरून, थांबायचं नाव नाही. तो खोकला काही त्या क्षणाचा नव्हता. ती परत येईपर्यंत, बंद काचेच्या आत, त्याने तो दाबून धरला होता. तिने तो ऐकला असता तर ती त्याच्याकडे वळली असती.

मी ससा संपवून पिशवीत टाकला, दिवा घेऊन त्याच्याकडे गेलो, आणि त्याचा खोकला निवेपर्यंत पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मग दिवा त्याच्या मांडीवर ठेवला.

म्हटलं, “बॅटरी जड होते मला. तू धर.”

माझ्या खांद्यांकडे त्याने एकदा पाहिलं. रोज खडीच्या पाट्या उचलणारे खांदे ते. “माझ्याकडे येईल मग ती,” तो म्हणाला.

“येऊ दे.”

मत्सर गेला, असं मी म्हणणार नाही. इद्वालला फाटकाशी सोडून मी बेटसनला घेऊन कुंपणाच्या कडेने चाळीस पावलं पुढे गेलो, दोरी सोडली, आणि थोड्या वेळाने ती ससा घेऊन माझ्या कोपराला घासून गेली तेव्हा आत काहीतरी कचकन लागलंच. पण या वेळी मी मागे वळून पाहत राहिलो. तिकडे फाटकाशी दिवा खाली गेला, दोन जुने बूट उजळले, आणि ती धावतच त्या उजेडात शिरली.